भरतकामातील देवनागरी अक्षर आणि कापडाची उलट बाजू

रुखवतात मांडलेले उशांचे अभ्रे, दारावरील तोरणे, चौकटीत बसविलेली सुभाषिते यांवर दोऱ्याने भरलेली अक्षरे महाराष्ट्रात अनेक घरांतून आढळतात. अशा वस्तूंवरील नावे व वाक्ये स्त्रियांच्या साक्षरतेचा पुरावा म्हणून पुढे करण्याचा मोह अभ्यासकास सहज होतो. तो पुरावा कितपत भरवशाचा आहे हे ठरवावयाचे, तर अक्षर कापडावर कसे उतरते ते प्रथम पाहावयास हवे.

उदाहरणादाखल आंबेगाव तालुक्यातील शिनोली या गावाचे नावच घेता येईल. घोडेगावाहून डिंभे व भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव होय. चंदगड तालुक्यातील शिनोली निराळी. नाव लहान आहे, पण भरणारीची कसोटी पाहणारे आहे. त्यात उभे दंड सहा येतात: ऱ्हस्व वेलांटीचा, श चा, न चा, कान्याचा, ल चा आणि दीर्घ वेलांटीचा. शिरोरेषेच्या वर दोन वेलांट्यांच्या कमानी व एक मात्रा. मॅटीच्या कापडावर घरे मोजून फुलीच्या टाक्याने हे नाव भरताना दंड व शिरोरेषा अनायासे साधतात. गोलाई मात्र पायऱ्यांनीच साधावी लागते. न ला घुंडी, तिला जोडणारी आडवी रेघ व दंड मिळून तीन घरे पुरतात. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मान्य केलेला पाकळीयुक्त ल भरावयाचा, तर दोन पोकळ्या मोकळ्या राहण्यासाठी किमान पाच घरे लागतात. एक पोकळी बुजली की ल ओळखू येईनासा होतो. श लाही तितकीच जागा दिली आणि दोन अवयवांत एकेक घर सोडले, तर संपूर्ण नाव एकवीस घरांत बसते. इंचात चौदा घरे असलेल्या कापडावर ही रुंदी दीड इंच होते.

येथेच लेखन आणि भरत यांचे मार्ग वेगळे होतात. हाताने लिहिणारा बहुधा अक्षरे आधी काढतो व शिरोरेषा शेवटी ओढतो. घरे मोजून भरणारीला शिरोरेषेपासून आरंभ करणे सोयीचे, कारण अक्षरे तिला लोंबतात व खालची मोजणी तिच्यावरून होते. रोमन अक्षरांच्या नमुन्यात आधाररेषा खाली असते. तेथील मोजणीची सवय देवनागरीला जशीच्या तशी लागू पडत नाही. शिरोरेषा भरताना दोरा ताणला गेला, तर कापडाला चुण्या पडून सारा शब्द आक्रसतो, हे वेगळेच. सारांश, भरलेले अक्षर हे हस्ताक्षर नव्हे; ते टाक्याच्या नियमांनी नव्याने रचलेले अक्षर होय.

साक्षरतेच्या प्रश्नाशी याचा निकटचा संबंध आहे. फुल्या मोजता आल्या की अक्षर वाचता न येणारीलाही नमुन्यावरून नाव बिनचूक भरता येते. जरीकामात तर खाका वापरतात: कागदावर अक्षर काढून त्याच्या रेषा सुईने टोचतात आणि छिद्रांतून रंग चोळून ते कापडावर उतरवितात. अक्षर काढणारा एक, भरणारा दुसरा, असे तेथे सहज घडू शकते. म्हणून नाव भरलेले आहे एवढ्यावरून नावाची धनीण साक्षर होती, असे म्हणता येत नाही.

अधिक बोलकी साक्ष उलट बाजूची असते. एका अक्षराकडून दुसऱ्याकडे दोरा कसा गेला, गाठी कोठे पडल्या, काय उसवून पुन्हा भरले, हे तेथे दिसते. फ्रान्समधील बायू येथील अकराव्या शतकातील सुमारे ७० मीटर लांबीच्या भरतपटावर लॅटिन अक्षरे देठाच्या टाक्याने भरलेली आहेत. १९८२-८३ मध्ये त्याची मागील बाजू तपासली गेली, तेव्हा न विटलेले मूळ रंग तेथे पाहावयास मिळाले.

मराठीपुरती आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तेव्हा ‘नांव’, ‘गांव’ असे भरलेले कापड त्याआधीचे असावे, असा तर्क होतो. पण जुना नमुना घरात पिढ्यान्‌पिढ्या उतरविला जातो, त्यामुळे हा तर्क फार ताणू नये. (‘सुस्वागतम्‌’ मधील दुसरा ‘सु’ व्याकरणदृष्ट्या अनावश्यक असूनही तोरणांवरून हललेला नाही!) उलटपक्षी, अनुस्वार दिसत नाही म्हणून कापड नंतरचे मानणेही धोक्याचे. गाठीच्या टाक्याने भरलेला टिंब धुण्यात निघून जातो. तो मुळातच नव्हता की झिजून गेला, याचा निवाडा मागे उरलेल्या धाग्यावरूनच करावा लागतो.

दुर्दैवाने, अशी कापडे जपण्याची घरगुती रीत म्हणजे त्यांना मागून खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटविणे व वर काच बसविणे. असे कापड हाती आल्यास ते चौकटीतून काढून घेण्यापूर्वी खळीचा प्रकार पाहावा. पाण्याने सुटणारी खळ असली, तरी दोऱ्याचा रंग पक्का आहे की नाही हे कडेच्या एखाद्या टाक्यावर ओला कापूस टेकवून आधी तपासावे. लाल दोरा विशेषेकरून.