जुन्या इंडिकाचा रेडिएटर

सकाळी 8.30

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे. या दिवसांत भिलाईत पारा 44-45 अंशांवर जातो आणि सुपेल्यातल्या माझ्या गॅरेजसमोर तापलेल्या गाड्या येऊन उभ्या राहतात. आजची पहिली गाडी टोचन करून आलेली: टाटा इंडिका व्ही टू, डिझेल, एसीवाली. मालक भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर फिटनेस करून त्यांनी ती पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे.

‘‘काल नेहरूनगर चौकात काटा एकदम वर गेला. तिथंच बंद केली बघ.’’

‘‘बरं केलंत काका. तशीच घरापर्यंत आणली असती तर हेड वाकलं असतं.’’

हे 1405 सीसीचं जुनं इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. त्यामुळे हेडला आणि पाण्याला उष्णता जास्त जाते. कूलिंग बिघडलं की अशा इंजिनात हेड गॅस्केट जायला वेळ लागत नाही.

सकाळी 9.15

इंजिन पूर्ण गार आहे याची खात्री केल्यावरच झाकण उघडतो. साधारण एक बार जादा दाबाखाली पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. गरम गाडीचं झाकण सैल केलं की तेच पाणी उसळून तोंडावर येतं.

दुकानात धावण्याआधी नेमकं काय गेलंय ते ठरवावं लागतं. सिग्नलला उभी असताना तापते आणि पळताना ठीक राहते, तर पंखा, त्याची मोटर किंवा थर्मोस्विच बघायचा. हायवेला तापते, तर रेडिएटर चोक आहे किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही. वॉटर पंपाच्या बारीक छिद्रातून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी पाणी कमी होतंय, तर गॅस्केटची शंका घ्यायची.

हातपंपाने सिस्टिमला दाब देतो. वरचा हॉज पाइप जिथे बसतो, तिथे रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीला केसाएवढी चीर दिसते. आधी नुसती ओल, मग तांबूस थेंब. वर्षानुवर्षं तापून-निवून प्लास्टिक ठिसूळ झालंय, आणि कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत गेल्याने आत गंज आहे. जाळी अ‍ॅल्युमिनियमची, टाक्या प्लास्टिकच्या. जुन्या तांबे-पितळेच्या रेडिएटरला डाग देऊन काम भागायचं, इथे तो इलाज नाही.

सकाळी 10.30

रेडिएटर खाली काढून बाकावर ठेवतो. हा तासभर मी कधीच घाईत उरकत नाही, कारण पुढची सगळी शोधाशोध इथल्या मापांवर चालते. जाळीची उंची, रुंदी आणि जाडी टेपने मोजतो. वरच्या-खालच्या पाइपांच्या तोंडांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने घेतो. थर्मोस्विचचं भोक कोणत्या बाजूला आहे, बसायच्या खुंट्या कुठे आहेत, ओव्हरफ्लोची नळी कुठून निघते, पंख्याचं आच्छादन कुठल्या बोल्टवर बसतं, हे सगळं वहीत लिहितो. टाकीवर उमटवलेला नंबर घासून साफ करतो आणि त्याचा फोटो काढतो.

डिसेंबर 1998 मध्ये बाजारात आलेली आणि पुण्यात तयार झालेली इंडिका 2018 पर्यंत बनत होती. एवढ्या वर्षांत त्या नावाखाली पेट्रोल आली, डिझेल आली, टर्बो आली, बिनएसीची आली. 2008 ची व्हिस्टा तर वेगळीच गाडी होती. तेव्हा नुसतं ‘इंडिकाचा रेडिएटर द्या’ म्हटलं, तर दुकानदाराने नेमकं काय द्यायचं?

दुपारी 12

जुना रेडिएटर स्कूटरवर पायाशी ठेवून पॉवर हाउसच्या बाजारात जातो. काउंटरवरचा मुलगा खोका पुढे सरकवतो. ‘‘डीजल इंडिका का ही है भैया, लग जाएगा.’’

दोन्ही शेजारी-शेजारी ठेवतो. लांबी-रुंदी जुळते. पाइपांची तोंडंही जुळतात. पण जाळी दहाएक मिलिमीटरने पातळ आहे आणि थर्मोस्विचचं भोक नाही. ठोकून-ठाकून तो बसेलही. पण स्विच नसेल तर पंखा थेट इग्निशनवर जोडावा लागेल, आणि पातळ जाळी नवतप्यात एसीचा भार झेलणार नाही. हिवाळ्यात लक्षात न येणारी चूक मे महिन्यात इंजिन खाते. मी नको म्हणतो.

दुसऱ्या दुकानात भंगारातून काढलेला जुना, स्वस्त नग आहे. आतल्या नळ्यांत किती गाळ बसलाय ते बाहेरून कळत नाही. तोही नको.

दुपारी 1.30

नंबरचा फोटो आणि मापं रायपूरच्या एका पार्ट्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि लगेच फोन करतो. ‘एसी का, टर्बो का, स्विच कुठे’ हे तोच विचारतो. असं विचारणारा दुकानदार सांभाळून ठेवावा. नग आहे, बसने पाठवतो म्हणाला. किंमत इथल्यापेक्षा जास्त आहे.

काकांना ती सांगतो. ज्या प्लांटची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, तिथल्या भट्ट्यांवर त्यांनी नोकरी केली. ते दर ऐकून क्षणभरही अडत नाहीत.

‘‘मागव. भट्टीच्या भिंतीतलं पाणी थांबलं तर भिंत जळते. तिथला कूलर बदलायचा तर आम्ही ड्रॉइंग नंबर बघायचो. नाव बघून कोणी नग बसवला नाही.’’

दुपारी 4.30

पॉवर हाउसच्या स्टँडवर पार्सल येतं. खोका तिथेच उघडून बघतो. नंबर जुळतो, जाडी जुळते, भोक जागेवर आहे. पत्रे दबलेले नाहीत, पाइपांची तोंडं शाबूत आहेत.

संध्याकाळी 5.15

बसवताना हॉज पाइप दाबून पाहतो. वरचा फुगलेला आणि मऊ पडलाय, म्हणून तोही बदलतो. झाकणाचं रबर चिरलंय. नवं झाकण जुन्यावर छापलेल्या दाबाचंच घेतो: कमी दाबाचं झाकण पाणी लवकर उकळू देतं, जास्त दाबाचं जुने पाइप फोडतं. आतली तांबूस घाण स्वच्छ पाण्याने निघून जाईपर्यंत ब्लॉक धुतो. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करतो, म्हणजे अडकलेली हवा निघते.

संध्याकाळी 7

गाडी उभ्या उभ्या चालू ठेवतो. काटा मध्यापर्यंत येतो, पंखा सुरू होतो, थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. हे दोनदा घडल्यावरच गाडी रस्त्यावर काढतो. एसी लावून काकांसोबत मैत्रीबागेपर्यंत जाऊन येतो. प्रत्येक सिग्नलला दोघांचं लक्ष काट्यावर. तो हलत नाही.

रात्री 8.15

बिलावर पार्ट नंबर लिहून देतो आणि जुना रेडिएटर डिकीत ठेवतो. उद्या सकाळी गार इंजिनात पाण्याची पातळी एकदा बघा, एवढं काकांना बजावतो.

जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे. गाडीचं नाव सांगून कूलिंगचा पार्ट मागू नका. जुना नग काउंटरवर न्या, नंबर वाचा, मापं जुळवा. ‘लग जाएगा’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. आणि नवा नग बसून पंखा स्वतःहून चालू-बंद होताना दिसेपर्यंत जुना भंगारात देऊ नका.