'गांधर्वची परीक्षा' घेणारं हे मंडळ आहे तरी कोणाचं?

बोर्ली पंचतनसारख्या गावात गाण्याचा क्लास म्हणजे घराची पडवी, एक पेटी, एक तबला-डग्गा आणि मोबाइलमधला तानपुरा. पावसाळ्यात दमट हवेनं तबल्याची पुडी सैल पडते, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात आणि लाइट गेली की तानपुरा मोबाइलच्या उरलेल्या चार्जिंगवर. पण अशा क्लासच्या भिंतीवर फ्रेम केलेलं एक सर्टिफिकेट बहुतेक वेळा दिसतंच. नाव असतं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं. 'यंदा गांधर्वची परीक्षा देतेय,' असं आपण सहज म्हणतो. गांधर्व म्हणजे काय, असं विचारलं की उत्तर येतं, 'बोर्ड आहे ना काहीतरी!'

मुळात ते बोर्ड नव्हतंच. गाणं शिकवणाऱ्यांनी एकत्र येऊन उभी केलेली संघटना होती ती. आणि ती उभी राहिली एक मोठी संस्था मोडकळीला आल्यानंतर.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याची तालीम सुरू झाली. त्या काळात गवई म्हणजे कुठल्या तरी संस्थानाच्या आश्रयाला असलेला माणूस. राजा खूश तर पोट भरलेलं. शिवाय समाजात गवयाला मान बेताचाच, घरातल्या मुलीला त्याच्याकडे शिकायला पाठवणं तर लांबची गोष्ट. पलुस्करांनी हा मामलाच बदलायचं ठरवलं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही दरबाराच्या नाही, लोकांच्या पैशावर. सुरुवातीला शिकायला कोणी येईना, तेव्हा ते एकटेच तानपुरा घेऊन रियाज करत बसायचे, असं सांगतात. कुठलाही नवा क्लास काढणाऱ्याला हे चित्र ओळखीचं वाटेल!

१९०८ मध्ये मुंबईत शाखा आली. त्यांच्या कामातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे 'उपदेशक वर्ग'. मुलांना राहायला-जेवायला द्यायचं, गाणं शिकवायचं आणि त्यांच्यातून गाण्याचे शिक्षक घडवायचे. मैफलीचा कलाकार होणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

पण पैशाचं गणित बसलं नाही. मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत पलुस्करांचं निधन झालं. एवढा मोठा पसारा एकाच माणसाच्या खांद्यावर होता, तो माणूसच गेला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहमदाबादला शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बी. आर. देवधर, साबरमती आश्रमातले नारायण मोरेश्वर खरे ही त्या शिष्यपरिवारातली नावं. एकेकाचं गाणं वेगळं, गाव वेगळं, क्लासही स्वतःचा. अशा गवयांनी एका अभ्यासक्रमावर, एका परीक्षेवर यायचं म्हणजे सोपं नव्हे. गवयांचे रुसवे-फुगवे काही कमी प्रसिद्ध नाहीत! तरी ते जमलं. पुढे १९४७ पासून 'संगीत कला विहार' हे मासिकही सुरू झालं.

प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि शेवटी अलंकार अशी ही शिडी. पहिल्या पायरीला लेखी पेपर नसतो, समोर बसून गाऊन दाखवायचं. यातली खरी गंमत म्हणजे परीक्षक बाहेरचा. आपल्या बाईंना आपण लाडके असलो तरी मार्क देणारा अनोळखी. त्यामुळे बोर्लीच्या मुलीचा भूप आणि पुण्याच्या मुलीचा भूप एकाच अभ्यासक्रमावर तपासला जातो. खेड्यातल्या शिक्षकालाही त्यामुळे वजन येतं. मैफली मिळाल्या नाहीत तरी 'माझी मुलं पास होतात' हे तो सांगू शकतो.

बाहेरच्या देशांतही अशा संघटना आहेत. अमेरिकेत गायन शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९४४ ची, ब्रिटनमधली १९७५ ची. म्हणजे आपलं मंडळ दोघींपेक्षा जुनं. तिकडे शिक्षकाचं स्वतःचं शिकणं, आवाजाचं शास्त्र, घशाचे आजार यांवर खूप बोललं जातं. आपल्याकडे देवधरांनी आवाज साधनेचा बारकाईनं अभ्यास केला होता. पण आज सर्दी झालेल्या घशानं चार बॅच घेणाऱ्या बाईंच्या आवाजाची काळजी कोण करतं?

आता थोडं टोचणारं. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून क्लासला गर्दी झाली, हे चांगलंच. पण पुष्कळांचा हिशोब मार्कांपुरताच. तेवढ्या परीक्षा झाल्या की पेटीवर कापड पडतं, आणि शिक्षकाला दर जूनमध्ये पुन्हा सा-पासून सुरुवात. रागापेक्षा 'परीक्षेत काय विचारतात' हेच शिकवायची वेळ येते.

आणि भजनी बुवांचं काय? कोकणात वाडीवाडीत भजनी मंडळ असतं. बुवा पोरांना गोल बसवतात, पेटीवर चाल वाजवतात आणि पोरं कानानं ती उचलतात. ना वही, ना नोटेशन. गणपतीत रात्र जागवण्याइतकं गाणं या पोरांना येतं. पण बुवांच्या भिंतीवर सर्टिफिकेट नाही, म्हणून 'संगीत शिक्षक' म्हटलं की त्यांचं नाव कोणी घेत नाही. पलुस्कर तर भजनं घेऊन गावोगाव फिरले, रामधून लोकांच्या तोंडी बसवली. त्यांच्या नावाच्या परंपरेत बुवांना जागा हवी, असं मला ठामपणे वाटतं. निदान मंडळाच्या एखाद्या शिक्षक शिबिराचं बोलावणं तरी यावं.

विशारद झालेल्यांचीही अवस्था फार वेगळी नाही. गावाकडच्या बहुतेक शाळांत संगीताला वेगळा शिक्षक नसतो. मग फीवर भागवायचं, आणि फी वाढवली तर मुलं गळतात. परीक्षा केंद्र दुसऱ्या गावात असेल तर गाडी ठरवणं, मुलांचे डबे, तबल्याची साथ, सगळं शिक्षकांनीच बघायचं. नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र जवळ आलं की हे सुरूच. पालकांच्या ग्रुपवर मात्र पहिला मेसेज असतो, 'बाई, रिझल्ट कधी लागेल?'