दोरीच्या टोकाची फळी

प्रवाळांवर लिहायला संपादकांनी सांगितलं तेव्हा डोळ्यांपुढे आले ते पाठीवर टाक्या बांधलेले पाणबुडे आणि रंगीबेरंगी मासे. वाचायला बसलो आणि अडकलो एका फळीपाशी. पाटाएवढी फळी, धरायला मुठी, वर नोंदीचा कागद लावायची सोय आणि पुढे सतरा मीटर दोरी. दोरीचं दुसरं टोक छोट्या मोटारबोटीला. ग्रेट बॅरियर रीफची तब्येत गेली चाळीस वर्षं जगाला कळते आहे ती बरीचशी या 'मँटा बोर्ड'मुळे.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली ही रीफ सलग भिंत नाही. जवळजवळ तीन हजार वेगवेगळे प्रवाळखडक मिळून ती झाली आहे. टाउन्सव्हिलजवळची ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स ही संस्था १९७२ची. १९८५पासून तिचे लोक दरवर्षी ठरलेल्या पद्धतीनं पाण्यात उतरताहेत.

पद्धत अशी. मुखवटा आणि स्नॉर्केल लावून निरीक्षक फळी धरतो. बोट खडकाच्या कडेकडेनं ताशी चारेक किलोमीटर वेगानं, म्हणजे माणसाच्या चालीनं, त्याला ओढत नेते. काही नीट बघायचं असेल तर तो श्वास रोखून फळीची पुढची कड खाली झुकवतो आणि पाण्याचा दाबच त्याला खाली नेतो. कड उचलली की तो वर येतो. दोन मिनिटं झाली की बोट थांबते. तेवढ्यात त्यानं मनात ठरवलेलं असतं: खालच्या तळाचा किती भाग जिवंत कठीण प्रवाळानं झाकला आहे? दहा टक्क्यांपर्यंत, दहा ते तीस, तीस ते पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर की त्याहून जास्त? आकडा लिहिला की पुन्हा दोन मिनिटं. असं करत अख्ख्या खडकाला वळसा पडतो.

मोजायचं सगळं काम माणसाच्या नजरेवर सोपवलेलं आहे, याचं मला फार कौतुक वाटतं. नजर सैल असून चालत नाही. म्हणून दोन निरीक्षकांना शेजारीशेजारी ओढून त्यांचे आकडे ताडून बघतात. नवा माणूस जुन्याच्या नजरेशी जुळेपर्यंत त्याच्या नोंदीवर भिस्त ठेवता येत नाही. पिढ्या बदलल्या तरी १९८५चे तीस टक्के आणि आजचे तीस टक्के एकच असले पाहिजेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

निरीक्षक आणखी एक गोष्ट शोधत असतो: काटेरी मुकुटाचा तारामासा. याला वीसच्या आसपास हात असू शकतात. जठर तोंडातून बाहेर काढून तो प्रवाळावर पसरतो, मांस विरघळवून शोषून घेतो आणि मागे पांढराफटक सांगाडा ठेवतो. एक मोठा तारामासा वर्षाला दहा चौरस मीटरपर्यंत प्रवाळ फस्त करू शकतो. दिवसा तो कपारींत दडतो, म्हणून त्याच्याबरोबर त्यानं चरल्याचे पांढरे डागही मोजावे लागतात.

या नोंदींचं वजन २०१२ साली कळलं. २१४ खडकांच्या २,२५८ पाहण्या एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं, की जिवंत प्रवाळ सत्तावीस वर्षांत २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर आलं होतं. नुकसानीतला ४८ टक्के वाटा चक्रीवादळांचा होता, ४२ टक्के तारामाशांचा आणि १० टक्के पाणी तापून प्रवाळ पांढरं पडण्याचा. आज हा हिशेब तसाच राहिलेला नाही. २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या सगळ्या वर्षी तिथं मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं.

फळीवरून दिसत नाही ते बघायला पाणबुडे टाक्या लावून सहा ते नऊ मीटर खोलीवर उतरतात. तिथं कायमच्या खुणा करून ठेवलेल्या पन्नास मीटरच्या रेषा आहेत. त्यांच्यावर पट्टी अंथरून तळाचे फोटो घ्यायचे, मासे मोजायचे आणि नव्यानं रुजलेली प्रवाळाची पिल्लं टिपायची. आपल्या मालवणच्या गढूळ पाण्यात फळीचा उपयोग होणार नाही. तिथं पाण्याखाली उतरून जवळून बघावंच लागतं, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तसं केलंही आहे.

आता काळजीची गोष्ट. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं. जीव आहे तोवर ते जिवंतातच धरावं लागतं, आणि तसं धरणं बरोबरच आहे. पण पाहणी उन्हाळ्याआधी झाली, किंवा प्रवाळ पांढरं होऊन मरायच्या आत झाली, तर आकडा चांगला दिसतो. शिवाय टक्का जात सांगत नाही. २०२२मध्ये उत्तर आणि मध्य भागात छत्तीस वर्षांतलं सर्वाधिक आच्छादन नोंदलं गेलं आणि 'रीफ ठणठणीत आहे' अशी हाकाटी सुरू झाली. वाढलं होतं ते बहुतांशी भराभर वाढणारं, फांद्यांचं आणि ताटासारखं पसरणारं अ‍ॅक्रोपोरा. लाटांनी मोडतं ते हेच, उष्णतेला आधी बळी पडतं ते हेच, आणि तारामाशाच्या आवडीचंही हेच. ही गोष्ट अहवालात स्पष्ट लिहिली होती. ज्यांना आकडा हवा होता त्यांनी ती वगळली, याचा मला अजून राग येतो.

पुढचा आकडा फळीवरूनच आला. ऑगस्ट २०२४ ते मे २०२५ या काळात १२४ खडक पाहिले गेले. वर्षभरात उत्तरेतलं आच्छादन ३९.८वरून ३० टक्क्यांवर आलं होतं आणि दक्षिणेतलं ३८.९वरून २६.९वर. या दोन्ही भागांत एका वर्षात एवढी घट नोंदींच्या सुरुवातीपासून कधी झाली नव्हती.