आधी कान, मग बोटं

मैलूरमधल्या एका घरात टेबलावर तारेची चावी स्क्रूने घट्ट बसवलेली आहे. निवृत्त तारमास्तर काका तिच्यासमोर बसतात, हात टेबलावर टेकवतात, अंगठा आणि दोन बोटांत गुंडी हलकेच धरतात. दाब मनगटातून येतो. बोटांनी ठोकत बसलं की हात लवकर भरून येतो.

मी हौशी रेडिओच्या जनरल ग्रेड परवान्याची तयारी करतोय. त्यासाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता आणि पाठवता यावा लागतो. टिंब-रेघांचा छापील तक्ता काकांकडे चालत नाही. "बघून काय होतंय? ऐका आधी," असं म्हणून त्यांनी चावी दाबली.

डिट-डा, डिट-डा, डिट-डिट. ए, ए, आय. आई!

या तीन अक्षरांत सगळं गणित आहे. रेघ टिंबाच्या तिप्पट लांब. एकाच अक्षराच्या आत एका टिंबाएवढी उसंत, दोन अक्षरांत तीन टिंबांची, दोन शब्दांत सात टिंबांची. आठ शब्दांच्या वेगाला एक टिंब म्हणजे सेकंदाचा साधारण सातवा भाग, आणि 'आई' तीन सेकंदांच्या आत संपते. हात सराईत आहे की नवखा, हे टिंब-रेघांपेक्षा मधल्या उसंतीवरून कळतं. ती चुकली की ए-ए-आयचं भलतंच काही होतं. शिवाय रोमन मोर्समध्ये 'ळ' नाही; काळे आणि काले तारेवर सारखेच. घेणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं.

तारेला शब्दामागे पैसे, म्हणून मजकूर आधी सोलला जायचा. पानभर काळजी 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' एवढ्यात बसायची. लग्न-सणांच्या शुभेच्छांना तर क्रमांकच ठरलेले होते. तारेवरून नुसता आकडा जायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य लिहून मिळायचं. पुढे टेलिप्रिंटर आले, कट्ट-कडकट्ट मागे पडलं, आणि १५ जुलै २०१३ पासून बीएसएनएलने तारसेवाच बंद केली. हौशी रेडिओवर मात्र मोर्स रोज वाजतो. बोलणं ओळखू येणार नाही इतका क्षीण मोर्स संकेतही कान टिपतो, म्हणून तो टिकलाय.

शिकायचं असेल तर तक्ता पाठ करू नका. अक्षर पूर्ण वेगाने ऐका, दोन अक्षरांमधली उसंत तेवढी सुरुवातीला वाढवून घ्या, आणि कानाला ओळख पटल्याशिवाय चावीला हात लावू नका.