माशाच्या अंगलटीवरून त्रिगुणित बीज ओळखता येते काय?

पावसाळ्याच्या तोंडी शेततळी भरू लागली की वर्धा जिल्ह्यातील शेतकरी मत्स्यबीजाची चौकशी करू लागतात. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यापासून तर ज्यांनी पूर्वी कधी मासे पाळले नव्हते असे पुष्कळ शेतकरी या जोडधंद्याचा विचार करू लागले आहेत. कटला, रोहू, मृगळ व सायप्रिनस ही नावे आता त्यांच्या परिचयाची झाली आहेत. परंतु ‘त्रिगुणित’ अथवा ‘वांझ’ बीज हा शब्द कानी पडला म्हणजे मन गोंधळते. असा मासा लवकर वाढतो, त्याची पाठ उंच व डोके लहान असते आणि तो पाहताच ओळखू येतो, असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवून जादा पैसे मोजावेत काय? चुकीच्या बीजाने केवळ पैसाच जातो असे नाही, तर तळ्यातील एका वर्षाचे पाणीही वाया जाते. यास्तव या प्रश्नाचा नीट विचार करणे इष्ट आहे.

त्रिगुणित म्हणजे काय?

प्रत्येक सजीवाचे शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले असते व प्रत्येक पेशीत आनुवंशिक गुण वाहून नेणारी गुणसूत्रे असतात. सर्वसाधारण प्राण्यात या गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला व एक बापाकडून आलेला. अशा प्राण्यास द्विगुणित म्हणतात. कटला, रोहू व मृगळ या तिन्ही माशांच्या पेशीत २५ गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे एकूण ५० गुणसूत्रे असतात. गवत्या माशात ती ४८ असतात. ज्या माशात दोनऐवजी तीन संच असतात तो त्रिगुणित होय. त्रिगुणित रोहूत ७५, तर त्रिगुणित गवत्यात ७२ गुणसूत्रे आढळतात.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यास अगदीच अपरिचित नाही. समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद प्रसिद्ध आहे. हळद ही वनस्पती त्रिगुणित आहे. तिच्यात २१ गुणसूत्रांचे तीन संच असतात. म्हणूनच हळदीस फुले आली तरी तिला सहसा बी धरत नाही आणि शेतकऱ्यास दरवर्षी कंदच लावावे लागतात. याचे कारण सोपे आहे. पुनरुत्पादनाच्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या लागून त्यांची दोन समान भागांत वाटणी व्हावी लागते. तीन बैलांपैकी दोघांची जोडी लावली तर एक बैल सुटा राहतो. तद्वत तिसऱ्या संचामुळे ही वाटणी बिघडते. परिणामी निकोप बीज तयार होत नाही व तो जीव वांझ राहतो.

असे मासे कसे तयार करतात?

माशाच्या मादीने सोडलेल्या अंड्यातून गुणसूत्रांचा एक जादा संच बाहेर टाकला जाणे अद्याप बाकी असते. नराच्या शुक्राशी संयोग झाल्यावर काही मिनिटांतच ही क्रिया होते. नेमक्या त्याच वेळी अंड्यांस उष्णतेचा, थंडीचा अथवा दाबाचा धक्का दिला, तर तो संच आतच अडकून राहतो आणि आईचे दोन व बापाचा एक असे तीन संच घेऊन जीव वाढू लागतो. सायप्रिनसच्या बाबतीत सुमारे ४० अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात एक-दोन मिनिटे अंडी ठेवून हे साधता येते.

याकरिता अंडी केव्हा फळली ती वेळ मिनिटागणिक माहीत असावी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ग्रंथिरसाची सुई टोचून माशांचे प्रजनन घडवून आणले आणि कार्प जातीच्या माशांची अंडी ठरल्या वेळी हाती येण्याचा मार्ग आपल्या देशात मोकळा झाला. पुढे १९८० नंतरच्या काळात भुवनेश्वर येथील संशोधकांनी भारतीय कार्प माशांच्या गुणसूत्र-संचांवर प्रयोग केले.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धक्का थोडा लवकर अथवा उशिरा बसला, किंवा पाण्याचे तपमान थोडे कमीअधिक झाले, तरी सर्वच अंडी त्रिगुणित होत नाहीत. काही मरतात, काही द्विगुणितच राहतात. म्हणजे एकाच टाकीतील बोटुकली मिश्र असू शकते. तपासणीवाचून तिला त्रिगुणित म्हणणे धाडसाचे आहे.

अंगलटीत फरक पडतो काय?

तीन संच म्हणजे दीडपट गुणसूत्रे, तेव्हा मासाही दीडपट मोठा होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे घडत नाही. त्रिगुणित माशाची प्रत्येक पेशी मोठी असते हे खरे, परंतु त्याच्या शरीरातील पेशींची संख्या त्या प्रमाणात कमी असते. मोठ्या विटांची भिंत व लहान विटांची भिंत सारख्याच उंचीची बांधता येते. फक्त विटा कमीअधिक लागतात. सायप्रिनसचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याच्या पूर्वजांत अतिप्राचीन काळी गुणसूत्रे दुप्पट झाली व आज त्याच्या पेशीत १००, म्हणजे रोहूच्या दुप्पट गुणसूत्रे आहेत. तरीही सायप्रिनस रोहूच्या दुप्पट आकाराचा नसतो.

मासा वयात येईपर्यंत द्विगुणित व त्रिगुणित भावंडे शेजारी ठेवली, तरी त्यांत डोळ्यांना भरवशाचा असा फरक दिसत नाही. शेकडो मासे मोजून सरासरी काढली असता डोक्याच्या लांबीत अथवा शरीराच्या उंचीत थोडाफार फरक काही वेळा आढळतो. पण तो समूहाच्या सरासरीचा फरक होय. हातात घेतलेल्या एका माशाविषयी त्यावरून निर्णय देता येत नाही.

खरा फरक वयात आल्यावर, तोही मुख्यतः मादीत, दिसून येतो. द्विगुणित मादीचे पोट गाबोळीने भरून फुगते व मऊ लागते. त्रिगुणित मादीत अंडाशय दोऱ्यासारखा बारीक राहतो, गाबोळी धरत नाही आणि पोटाची रेषा सपाट राहते. नरात हा फरक फारसा जाणवत नाही, कारण त्रिगुणित नराचे वृषण काही अंशी वाढतात. मात्र त्यापासून निकोप संतती होत नाही.

चीनमधील हुनान प्रांतात तयार केलेल्या एका त्रिगुणित माशाची पाठ उंच व डोके लहान असते. पण तो मासा क्रुशियन कार्प व सायप्रिनस यांच्या संकरातून आलेला आहे. त्याच्या अंगलटीत दोन्ही कुळांचा वारसा असल्याने तिचे सर्व श्रेय तिसऱ्या संचास देता येत नाही. आपल्याकडील कटला-रोहू संकराचीही पाठ कटल्यासारखी उंच व डोके रोहूसारखे लहान असते. तो मात्र त्रिगुणित नसून साधा संकर असतो. तेव्हा उंच पाठ ही त्रिगुणितपणाची खूण नव्हे.

खात्रीची परीक्षा रक्तात आहे. माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असते व त्रिगुणित माशात त्याचे आकारमान सुमारे दीडपट भरते. हे सूक्ष्मदर्शकाखाली अथवा पेशी मोजण्याच्या यंत्रावर पाहता येते. अमेरिकेतील अनेक राज्यांत केवळ त्रिगुणित गवत्या मासाच सोडण्यास परवानगी आहे. तेथे उत्पादक प्रत्येक माशाचे रक्त तपासतो व त्यानंतर शासकीय निरीक्षक त्या खेपेतील १२० मासे पुन्हा तपासतात. अंगलट पाहून काम भागले असते, तर इतका खटाटोप कोणी केला नसता.

तळ्यात दिसणाऱ्या फरकांची कारणे

जाळे ओढल्यावर एकाच जातीचे मासे वेगवेगळ्या बांध्याचे दिसतात. त्याची नेहमीची कारणे येणेप्रमाणे आहेत :

१. डोके मोठे व अंग बारीक : मासा उपाशी आहे. तळ्यात बीज दाट झाले आहे अथवा खाद्य अपुरे आहे.

२. पोट फुगलेले व मऊ : मादी गाबोळीवर आली आहे.

३. पोट फुगलेले व खवले उभे राहिलेले : हे जलोदर रोगाचे चिन्ह होय. असा मासा वेगळा काढावा व मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

४. खवले मोठे व विरळ, किंवा जवळजवळ नाहीतच : सायप्रिनसचे खवल्यांवरून जे प्रकार पडतात त्यांपैकी हे होत, व्यंग नव्हे.

५. पाठीचा कणा वाकडा : वाढीतील दोष अथवा इजा. अंड्यास धक्का दिलेल्या बीजातही असे व्यंग आढळू शकते; ते गुणाचे लक्षण मानू नये.

मोजमाप कसे घ्यावे?

नजरेवर विसंबण्यापेक्षा महिन्यातून एकदा प्रत्येक जातीचे दहा ते वीस मासे पकडून त्यांचे वजन व लांबी मोजावी. लांबी नेहमी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत घ्यावी. ग्रॅममधील वजनास १०० ने गुणावे आणि लांबीच्या घनाने भागावे. उदाहरणार्थ, मासा ३३ सेंटिमीटर लांब व ५०० ग्रॅम वजनाचा असेल, तर ३३ गुणिले ३३ गुणिले ३३ म्हणजे ३५,९३७ येतात. ५०,००० भागिले ३५,९३७ म्हणजे सुमारे १.३९ हा त्याचा पुष्टीचा अंक झाला. तितक्याच लांबीचा दुसरा मासा ३५० ग्रॅम भरला, तर त्याचा अंक ०.९७ येईल, म्हणजे तो मासा खंगलेला असण्याचा संभव आहे.

हा अंक एका जातीचा दुसऱ्या जातीशी ताडून पाहू नये, कारण प्रत्येकीची घडण निराळी असते. त्याच जातीचा मागील महिन्याचा अंक समोर ठेवावा. अंक उतरत असेल तर भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड यांचे खाद्य वाढवावे किंवा मोठे मासे काढून गर्दी कमी करावी. तसेच, गाबोळीवर आलेल्या मादीचा अंक वाढलेला दिसतो, पण ती वाढ मांसाची नसते, हेही विसरू नये.

आपल्या शेततळ्यास त्रिगुणित बीजाचा उपयोग कितपत?

त्रिगुणित माशाचा मुख्य लाभ वांझपणात आहे. गाबोळी धरण्यात खर्ची पडणारी शक्ती अंगाच्या वाढीस लागते, अशी त्यामागील अपेक्षा असते. म्हणजे हा लाभ मासा वयात आल्यानंतरच मिळू शकतो.

आपल्या पुष्कळ शेततळ्यांत पाणी सहा ते आठ महिने टिकते. कटला, रोहू व मृगळ हे सर्वसाधारणपणे दुसऱ्या वर्षी वयात येतात. शिवाय साचलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत. एका हंगामात काढून विकावयाच्या या माशांसाठी वांझ बीजाचे जादा मोल देण्यात शेतकऱ्याचा कोणताच फायदा नाही.

सायप्रिनसचे मात्र तसे नाही. १९५७ साली बँकॉकहून भारतात आलेला त्याचा वाण सहा ते आठ महिन्यांतच वयात येतो आणि काठाच्या पाणवनस्पतीवर चिकट अंडी घालतो. मग लहान पिलांची गर्दी होते, खाद्य वाटले जाते व विक्रीचे मासे बारीक राहतात. या अडचणीवर त्रिगुणित बीज हा उपाय होऊ शकेल काय, याचा अभ्यास शेजारच्या कर्नाटक राज्यात झाला व तो २००२ साली प्रसिद्ध झाला. तेथे उशिरा वयात येणाऱ्या, हंगेरीहून आणलेल्या आमूर वाणाचाही पर्याय पुढे आला. वांझ केलेला मासा हमखास अधिक वाढतोच असे नाही. उबदार व कमी प्राणवायूच्या पाण्यात त्रिगुणित मासे ताण कमी सोसतात, असेही काही जातींत दिसून आले आहे. आपल्याकडील उन्हाळा पाहता ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

सबब, साध्या सायप्रिनसचाच बंदोबस्त पुढील रीतीने करावा. त्याचे बीज इतर जातींच्या मानाने कमी सोडावे. काठावरील गवत व पाणवनस्पती वेळोवेळी काढाव्यात. माद्या गाबोळीवर येऊ लागताच, म्हणजे जानेवारीच्या सुमारास, जाळे ओढून मोठे सायप्रिनस प्रथम विकावेत. तळ्याच्या सांडव्यास बारीक जाळी लावावी, म्हणजे पुराच्या पाण्याबरोबर मासे नाल्यातून बोर, धाम अथवा वेणा नदीत जाणार नाहीत.

बीज विकत घेताना

बीज त्रिगुणित असल्याचे कोणी सांगितल्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. मासा कोणत्या जातीचा आहे? त्या खेपेचे रक्त कोणत्या प्रयोगशाळेत तपासले? शंभरांपैकी किती मासे त्रिगुणित आढळले? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नसतील, तर ते बीज साधे समजून साध्याच दराने घ्यावे अथवा घेऊच नये. बोटुकली सारख्या आकाराची, चपळ, स्वच्छ अंगाची व कणा सरळ असलेली आहे एवढे मात्र डोळ्यांनी अवश्य पारखावे. त्या कामास डोळे पुरेसे आहेत.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील दोन-तीन शेततळ्यांवर मासिक मोजमापाची वही सुरू करून द्यावी. जाती, संख्या, लांबी, वजन व दिलेले खाद्य एवढी पाच सदरे पुरेत. एका हंगामाची अशी वही हाती असली, म्हणजे मासा बारीक का राहिला याचे उत्तर बहुधा तिच्यातच सापडते व पुढील वर्षी कोणते बीज किती घ्यावे, हे शेतकऱ्यास स्वतःच्याच आकड्यांवरून ठरविता येते.