वेध कोणी घेतला?

सकाळी साडेसात. चहासोबत पीएचडीच्या विद्यार्थिनीचं दुसरं प्रकरण. विषय कुलाबा वेधशाळा, १८४१ ते १८६०. पहिली आठ पानं वेधशाळेच्या थोरवीत गेली आहेत, त्यांवर आडवी रेघ. नवव्या पानावर बाई मुद्द्याला येतात: सप्टेंबर १८५९चं सौर वादळ. कुलाब्याच्या नोंदींत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेला दिसतो. त्या आकड्यांशिवाय या वादळाचा अभ्यास आजही पुढे जात नाही. समासात लिहिते: ‘हे आकडे वहीत उतरवले कोणी?’

दहा. एमएचा तास, गार्सिया द ओर्ता. १५६३ साली गोव्यात छापलेला त्याचा औषधींवरचा पोर्तुगीज ग्रंथ सगळा संवादात आहे. एकीकडे ओर्ता, समोर रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य, आणि सांगितलं की वनस्पती आणून दाखवणारी मोलकरीण अंतोनिया. १५६७मध्ये क्लुसियसनं त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि संवादच गाळले. अंतोनियाही त्यांच्याबरोबर गेली. युरोपातल्या बहुतेक विद्वानांच्या हाती पडला तो हा ओर्ता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८०मध्ये, इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली, हे मी मुद्दाम तास संपताना सांगते. आधी सांगितलं तर वर्ग हाडांवर अडकतो आणि अंतोनियाचं नाव कोणी काढत नाही.

साडेबारा. नॅक मूल्यांकनाचे तक्ते. त्याबद्दल न बोललेलं बरं.

दोन. सकाळच्या प्रकरणाची मालकीण समोर. रेघा पाहून चेहरा पडलेला.

“मॅडम, छापील खंडांत साहेबांचंच नाव मोठं दिसतं.”

“मग खंडांच्या बाहेर जा. पगाराचे कागद, रजेचे अर्ज, नेमणुकीचा पत्रव्यवहार शोध.”

केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी ऑर्लेबारसाहेबांच्या हाताखाली तिथे होते, हे तिला माहीत आहे. पण केरूनाना पुढे नामवंत प्राध्यापक झाले, टिळकांना शिकवलं, म्हणून ते सापडतात. दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायला रात्री दोनला उठणारे बाकीचे सहायक असे आयते सापडायचे नाहीत. मला विचाराल तर तिचा प्रबंध तिथेच आहे.

मग तिच्या प्रकरणातला नोंदींचा तक्ता उघडून एका ओळीवर बोट ठेवते. “हा तास कुठल्या घड्याळाचा?” ती गप्प. गाउसच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या चुंबकीय वेधशाळांच्या जाळ्यात ग्यॉटिंगेनची वेळ प्रमाण धरत. तिच्यात आणि मुंबईच्या स्थानिक वेळेत चार तासांहून थोडा जास्त फरक. घड्याळ न तपासता आलेख काढला तर वादळ भलत्याच प्रहरी जाऊन बसेल. प्रत्येक खंडाची प्रस्तावना आधी वाचायची, असं ठरतं. तिनं प्रस्तावना सोडून थेट आकड्यांवर उडी मारली होती, सगळेच मारतात.

चार. एमएचा मुलगा लघुप्रबंधाचा विषय घेऊन येतो, ‘प्राचीन भारतातील विमानविद्या’. हसण्यावारी नेलं तर तो पुन्हा फिरकणार नाही. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांचा ‘वैमानिक शास्त्रा’वरचा १९७४चा लेख हातात देते. पोथी विसाव्या शतकाच्या आरंभीची, आणि तिच्यातली यंत्रं उडणं अशक्य, असा त्यांचा निष्कर्ष. “मग विषय गेला का?” तो विचारतो. उलट आत्ताच सुरू झाला! त्या काळात अशी पोथी कोणाला, का हवीशी वाटली? कपाळाला आठ्या घालून, पण लेख घेऊन तो जातो.

पाच. वेधशाळावाली धापा टाकत परत. शनिवारी मुंबईला पुराभिलेखागारात जायचंय, विभागाचं पत्र हवं. पत्र दोन मिनिटांत होतं, सही होते. शिक्का मात्र कार्यालयाच्या कपाटात, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते भाऊसाहेब स्कूटरला किक मारताहेत. “पळ,” मी म्हणते, “फाटकाशी गाठ त्यांना.”