एकही पीस नसलेला मोरपिसांचा झगा

भारताचे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या पत्नी मेरी कर्झन यांचा मोरपिसांचा झगा इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधील केडल्स्टन हॉल या कर्झन घराण्याच्या वाड्यात जतन केलेला आहे. हा वाडा १९८७पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. झगा पॅरिसच्या ‘वर्थ’ पेढीचा म्हणून ओळखला जातो. ते अर्धेच खरे आहे.

सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणानिमित्त १ जानेवारी १९०३ रोजी दिल्लीत दरबार भरला आणि ६ जानेवारीच्या रात्री लाल किल्ल्यात नृत्यसमारंभ झाला. झगा त्या रात्रीसाठी होता. मोराची निवड सहज झालेली दिसत नाही. शाहजहानचे मयूरासन याच किल्ल्यात होते. १७३९ मध्ये नादिरशहाने ते लुटून नेले. मोगलांच्या वैभवाचा वारसा आपल्याकडे आला आहे, हे राज्यकर्त्यांना पेहरावातूनही दाखवायचे होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने मुंबई इलाखा, राजपुताना आणि मध्य प्रांत होरपळून फार काळ लोटला नव्हता, त्यामुळे दरबाराच्या उधळपट्टीवर त्या काळीही टीका झाली.

झग्यात मोराचे एकही पीस नाही. तलम रेशमी कापडाचे पट्टे दिल्ली-आग्र्याच्या कारागिरांनी जरदोजीने भरले. या कामात कापड लाकडी चौकटीवर, म्हणजे कारचोबावर, ताणून बसवतात. त्यावर जरीचा धागा म्हणजे कलाबतू, चपटी तार म्हणजे बादला, तारेची बारीक गुंडाळी म्हणजे सलमा आणि टिकल्या टाचतात. जाड तार कापडातून आरपार ओढली तर ते फाटते, म्हणून ती वर मांडून बारीक टाक्यांनी जखडतात. एकावर एक चढलेल्या पिसांनी सारा झगा असा झाकला आहे की मूळ कापड जवळजवळ दिसतच नाही. वजन भरते सुमारे साडेचार किलो, आणि ते घालून समारंभात वावरायचे होते!

प्रत्येक पिसाच्या डोळ्यात निळसर-हिरवी चकाकी आहे. पाहणाऱ्यांना ते पाचू वाटले. प्रत्यक्षात ती भुंगेऱ्याच्या पंखांवरची कठीण कवचे आहेत. ही युक्ती जुनीच आहे: बसोली या पहाडी शैलीच्या लघुचित्रांत दागिन्यांतले पाचू दाखवायला हीच कवचे चिकटवलेली सापडतात. त्यांचा रंग रंगद्रव्याचा नसतो. कवचाच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होताना तो निर्माण होतो, म्हणून सहसा विटत नाही. लंडनच्या रंगभूमीवर एलेन टेरी यांनी १८८८ मध्ये लेडी मॅकबेथ साकारताना घातलेल्या झग्यावरही अशीच कवचे होती.

भरलेले पट्टे पॅरिसला रवाना झाले. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज शिंप्याने १८५८ मध्ये तिथे पेढी काढली होती. गिऱ्हाइकाने सांगावे आणि शिंप्याने शिवावे हा रिवाज मोडून त्याने आपले नमुने गिऱ्हाइकांपुढे ठेवले. पोशाखाला कलाकृतीसारखी स्वतःच्या नावाची पट्टी लावली. १८९५ मध्ये तो वारल्यावर रचनेचे काम मुलगा जाँ-फिलिप पाहू लागला. मेरी यांच्या झग्याची बेतणी, मागे लोळणारा लांब घोळ आणि त्याच्या कडेची पांढऱ्या शिफॉनची गुलाबे ही वर्थची कामगिरी. पण झग्याकडे नजर खिळते ती भरतकामामुळे, आणि ते भरणाऱ्या हातांना पट्टीवर जागा नव्हती.

शिकागोच्या धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी असलेल्या मेरी यांना कापडाची उत्तम पारख होती. १९०२ मध्ये राणी अलेक्झांड्रा यांच्या राज्याभिषेकाच्या पोशाखाचे सोनेरी भरतकामही त्यांनीच भारतातून करवून घेतले. १९०६ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. विल्यम लॉग्सडेल यांनी या झग्यातले त्यांचे पूर्णाकृती चित्र पूर्ण केले ते १९०९ मध्ये.

आज झग्यावरची जर काळवंडली आहे. कवचे मात्र तशीच लखलखतात. जरीच्या तारेत चांदी असते आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी ती काळी पडते. ती घासून उजळवावी तर वरचा सोन्याचा पातळ मुलामाच निघून जाईल आणि खालच्या रेशमालाही इजा होईल. झग्याचा दुसरा शत्रू प्रकाश, म्हणून असे कपडे मंद उजेडात ठेवतात. तिसरा शत्रू झग्याचे स्वतःचे वजन. जड जर नाजूक कापडाला सतत खाली ओढते, आणि टांगून ठेवलेल्या अशा पोशाखाची वीण आधी खांद्यांपाशी उसवू लागते.